कोणती चाचणी कशासाठी?

(धार व देवास येथील मराठी भाषकांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटेतील दोष डोळ्यांना दिसू शकतो. मोटारीतील सॉफ्टवेअरचा दोष प्रसंग आल्याखेरीज प्रकट होत नाही. ब्रेकचे मोल धार जिल्ह्यास सांगावयास नको. आग्रा-मुंबई महामार्गावरील गणपती घाटाने ते शिकविले आहे.

एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना आणि १२५ सी. सी. वरील दुचाकींना ए. बी. एस. अनिवार्य आहे. चाक घसरू लागताच छोटा संगणक सेकंदात अनेक वेळा ब्रेकचा दाब कमी-अधिक करतो. पाय आपला, निर्णय मात्र सॉफ्टवेअरचा.

हे सॉफ्टवेअर तपासण्याची साधने मुख्यतः तीन. पहिल्यात गाडीच नसते. चाक, वजन, रस्ता सारे संगणकात गणिताने उभे केलेले असते. रात्रभरात हजारो प्रसंग तपासून होतात, आणि दुरुस्तीनंतर तेच प्रसंग पुन्हा घेता येतात. पण संगणकास आपण सांगितला तेवढाच रस्ता ठाऊक! दुसऱ्यात खरा नियंत्रक टेबलावर ठेवून त्याला लटक्या चाकांचे संकेत देतात. आज्ञा बरोबर, पण क्षणभर उशिरा, हा दोष येथे सापडतो. मुद्दाम तार तोडूनही पाहता येते. कोणास इजा होत नाही.

तिसरे साधन आपल्या शेजारी आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समधील ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. प्रसिद्धीचे काम करीत असल्याने मला ठाऊक आहे की, छायाचित्र तिचेच छापले जाते. आपल्या विषयाला अधिक महत्त्वाचा आहे तो तेथील ब्रेक-चाचणीचा मार्ग. अशा मार्गावर एका बाजूची चाके ओल्या, निसरड्या पृष्ठभागावर व दुसऱ्या बाजूची कोरड्या डांबरावर ठेवून ब्रेक दाबता येतो. गाडी गरकन फिरू पाहते. टायर, पाणी, चालक यांचा खर्च मोठा, म्हणून अशा चाचण्या मोजक्याच होतात.

कोणते साधन सर्वांत चांगले, असे विचारतात. माझ्या मते हजारो प्रसंगांची चाळणी संगणकात व्हावी आणि धावपट्टीवर त्यांतील अवघड तेवढेच न्यावेत. केवळ धावपट्टीच्या दाखल्यावर विसंबणे मला पटत नाही. कारण सॉफ्टवेअर नंतरही बदलते. शाळेची बस खरेदी करताना मुख्याध्यापकांनी व अधिकाऱ्यांनी विक्रेत्यास विचारावे : दाखला कोणत्या आवृत्तीचा आहे, आणि त्यानंतर बदल झाला असल्यास जुने सर्व प्रसंग पुन्हा तपासले आहेत काय? उत्तर लेखी घ्यावे.