पाच तक्रारींची ताकद
(बिरसी येथे महिला बचत गटांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायचं आहे ते मोबाईलवर आणि ई-मेलवर येणाऱ्या नको त्या मजकुराबद्दल. त्याला स्पॅम म्हणतात. "तुम्हाला लॉटरी लागली", "तुमचा लाडकी बहीणचा हप्ता अडकला, ही लिंक दाबा", "पाच मिनिटांत कर्ज, कागद नको". तुमच्यापैकी कोणाला असा मेसेज आला नाही, असं होणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे थांबवणं कंपनीचं काम आहे, आपण काय करणार? काम कंपनीचंच आहे. पण आपल्या हाताशिवाय ते पुरं होत नाही. कसं ते सांगते.

आधी तारेच्या इंटरनेटचं पाहू. मोठ्या कंपन्या आहेत, तसे लहान नेटवालेही आहेत. सरकार इंटरनेट पुरवायचा परवाना तीन वर्गांत देतं. त्यातला सगळ्यात लहान क वर्ग एका दूरसंचार जिल्ह्यापुरताच असतो. अशा लहान नेटवाल्याची एक अडचण असते. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत, ते पुरत नाहीत. म्हणून नेटवाला एकाच पत्त्यावर पुष्कळ घरं चालवतो.

आता समजा, त्यातल्या एका घरातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. घरच्यांना पत्ता नाही आणि तो रात्रभर हजारो स्पॅम पत्रं पाठवतोय. जगात स्पॅमहाउससारख्या संस्था आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेली ही संस्था वाईट पत्त्यांची काळी यादी ठेवते. त्या यादीत पत्ता गेला की नेटवाल्याच्या मेलमधून जाणारं निर्दोष माणसाचं पत्रही बँकेच्या दारातून परत येऊ शकतं. एखादी साइट उघडली की "तुम्ही यंत्र नाही ना" म्हणून पुन्हा पुन्हा चित्रं ओळखायला लावतात, त्याचंही एक कारण हेच असतं.

हे आपल्याला नवीन नाही. एका बाईने हप्ते थकवले की बँक सगळ्या गटाकडे वाकड्या नजरेने पाहते. इथंही तसंच आहे.

मग चांगला नेटवाला काय करतो? पहिलं, घरगुती जोडण्यांवरून थेट पत्रं सोडायचं २५ नंबरचं दार बंद ठेवतो. आपली नेहमीची मेल पासवर्ड घेऊन दुसऱ्या दाराने जाते, त्यामुळे आपलं काही अडत नाही. दुसरं, येणारं पत्र पाखडतो. पाठवणारा काळ्या यादीत आहे का, पत्र ज्याच्या नावाने आलं त्याच्याकडूनच आलं का, मजकूर फसवणुकीचा वाटतो का, असे गुण मोजून संशयाचं पत्र स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकतो. तिसरं, ज्या घरातून स्पॅम निघतंय त्यांना फोन करून कॉम्प्युटर साफ करायला सांगतो.

पण सुपात धान पाखडताना कोंड्याबरोबर चार दाणेही उडतात. म्हणून महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असाल तर स्पॅमचा फोल्डर एकदा उघडून बघा. दाणा सापडला तर "हे स्पॅम नाही" दाबा, कोंडा आत आला असेल तर "स्पॅम" दाबा. त्यावरून चाळणी शिकते.

आता मोबाईल. ट्रायने २०१८ मध्ये नियम केले की धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्याने आधी नोंदणी करायची. आता अशा मेसेजच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचं नाव सांगणारा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तिथंच थांबा. सरकारी साइटचा पत्ता बहुतेक वेळा डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो, तेही बघा.

परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे खोटे कॉल अडवायची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. म्हणजे हे संकट केवढं मोठं आहे बघा. एवढं करूनही जे सुटून येतात, ते आपल्यापर्यंत पोचतात.

आणि इथं आपला हात लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम सुधारले. नको असलेला कॉल किंवा मेसेज आल्यापासून ७ दिवसांत १९०९ वर तक्रार करता येते. पूर्वी ३ दिवसच होते. आणि नोंदणी नसलेल्या एखाद्या नंबरविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की कारवाई सुरू करावी लागते. पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या.

पाच! आपल्या एका गटात निदान दहा जणी असतात. गावातल्या पाच जणींना एकाच नंबरवरून तोच मेसेज आला आणि पाचही जणींनी पुसून टाकला, तर तो माणूस उद्या सहावीला गाठतो. पाच जणींनी तक्रार केली तर त्याचा नंबर बंद पडू शकतो. मात्र ज्या फोनवर मेसेज आला, त्याच फोनवरून खरी तक्रार करायची. कोणाच्या सांगण्यावरून नाही.

एवढं सांभाळूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. ओटीपी कोणाला सांगायचा नाही. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा योजनेचा फॉर्म म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडायची नाही, ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही.

माझी एकच विनंती आहे. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाची परतफेड लिहून झाली, की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने आठवड्यात आलेले संशयाचे नंबर वाचून दाखवा. दोघी-तिघींकडे एकच नंबर निघाला, तर तिथंच बसून १९०९ वर तक्रार नोंदवा. जिला जमत नाही तिला शेजारची शिकवेल. तक्रारीचा क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवा.