माध्यमिक शाळेतील सामाईक स्वच्छतागृह

मुलगा-मुलगी असा भेद न ठेवता कोणीही वापरावे, असे स्वच्छतागृह म्हणजे सामाईक स्वच्छतागृह. माध्यमिक शाळेत ते असावे की नसावे, यावर ब्रिटन-अमेरिकेत न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत आणि तिथे वाढणारी मराठी मुले त्या वादाच्या मधोमध शाळेत जातात. पालघर जिल्ह्यातल्या उमरोळीसारख्या गावाच्या परिसरात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने उभा राहतो. तिथे आधी पाणी, कडी आणि झाडलोट यांचा हिशेब करावा लागतो आणि मगच पाटीवर काय लिहायचे ते ठरते.

बांधणी पाहिली तर सामाईक स्वच्छतागृह तीन प्रकारचे असते. एक मोठी खोली, आत ओळीने अर्ध्या भिंतींचे कप्पे आणि हात धुण्याची जागा सर्वांना मिळून एक, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक खोली स्वतंत्र असते: भिंती छतापर्यंत, आतून कडी, आतच नळ आणि हात धुण्याचे भांडे, आणि दार थेट व्हरांड्यात उघडणारे. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या डब्यातले शौचालय या जातीचे आहे. घरातले तर असतेच. तिसरा प्रकार कोणी आखलेला नसतो. शाळेत एकच शौचालय धड उरते, म्हणून सगळी मुले-मुली तेच वापरतात.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. स्वच्छ विद्यालय मोहिमेत देशभरातल्या शाळांत ४ लाख १७ हजार शौचालये बांधल्याचे केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. त्यांपैकी सरकारी कंपन्यांनी बांधलेल्या शौचालयांची पाहणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केली आणि तो अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेसमोर आला. पाहिलेल्या १,९६७ सहशिक्षणाच्या शाळांपैकी ९९ शाळांत वापरता येईल असे एकही शौचालय नव्हते आणि ४३६ शाळांत फक्त एक होते. पाहणीतल्या ७२ टक्के शौचालयांत आत वाहते पाणी नव्हते. म्हणजे त्या ४३६ शाळांत सामाईक स्वच्छतागृह कोणत्याही धोरणाविना, निव्वळ दुरवस्थेमुळे अस्तित्वात आले होते. अशा ठिकाणी मुले कुंपणाकडे वळतात आणि मुली थांबतात.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलांसाठी व मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे ही शाळेच्या इमारतीची अट आहे. मात्र तो कायदा ६ ते १४ या वयोगटापुरता, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचे वर्ग, जिथे हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो, त्याच्या कक्षेबाहेर राहतात. ती उणीव ३ ऑक्टोबर २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने भरून निघते. सर्व शाळांत पिण्याचे पाणी आणि मुला-मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे सहा महिन्यांत पुरवावीत, असे त्या आदेशात राज्यांना बजावले होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या माध्यमिक शाळेने वेगळी स्वच्छतागृहे मोडून सगळे सामाईक करायचे ठरवले, तर ते आजच्या चौकटीत बसणार नाही. वेगळी ठेवून त्यात एखाद-दुसरी सामाईक खोली वाढवायला मात्र कसलीही आडकाठी नाही.

वेगळ्या स्वच्छतागृहांचा आग्रह केवळ रूढीचा आहे का, हे तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास भारतातल्याच शाळांवर झालेला आहे. शिकागो विद्यापीठाच्या अंजली अदुकिया यांनी २००३ नंतरच्या शाळा-शौचालय बांधणीचा पटनोंदणीवर काय परिणाम झाला ते मोजले. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान वयाच्या मुलामुलींना शाळेत कोणतेही शौचालय आले तरी फायदा झाला, मग ते सामाईक असो वा वेगळे. वयात आलेल्या मुलींची पटसंख्या मात्र मुलींसाठी राखीव शौचालय आल्यावरच ठळकपणे वाढली. प्राथमिक शाळेला जे पुरते ते माध्यमिक शाळेला पुरत नाही, याचा यापेक्षा ठोस पुरावा मिळणे कठीण. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. त्या काळात शाळांत बांधलेली सामाईक शौचालये दुसऱ्या प्रकारची, म्हणजे पाणी आणि कडी असलेल्या बंदिस्त खोल्या, क्वचितच होती. त्यामुळे या निष्कर्षावरून चांगल्या बांधणीची सामाईक खोलीही निरुपयोगी ठरते असे म्हणता येत नाही.

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचे पालघर आणि बोईसर यांच्या मधले स्थानक. एका बाजूला १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या नव्या जिल्ह्याचे मुख्यालय, दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र. कारखान्यांमुळे बोईसरची वस्ती वाढत गेली, शाळांचे वर्ग भरले. डहाणूपर्यंत उपनगरी गाडी २०१३ मध्ये आली आणि गावातून पालघरला किंवा बोईसरला शिकायला जाणे सोपे झाले. पण लोकलला शौचालय नसते. सकाळी घर सोडलेली मुलगी शाळेतले स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसेल तर घरी परतेपर्यंत थांबते. थांबता यावे म्हणून ती पाणी पीत नाही. किनारपट्टीच्या दमट उकाड्यात दिवसभर कमी पाणी पिणे आणि लघवी रोखून धरणे याचा शेवट जळजळीत, मूत्रमार्गाच्या संसर्गात होऊ शकतो. ही तक्रार मुली घरीसुद्धा सहज सांगत नाहीत. जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यातल्या आश्रमशाळांत तर मुली तिथेच राहतात, त्यामुळे तिथे रात्रीचाही प्रश्न असतो.

पाळी सुरू झालेल्या मुलीची गरज लघवीपुरती नसते. तिला कपडा किंवा पॅड बदलायला, धुवायला, टाकायला बंदिस्त जागा हवी, आणि पाणी त्या जागेच्या आत हवे. बाहेरच्या टाकीवरून बादली भरून आणायची असेल तर सगळ्यांच्या नजरेसमोरून जावे लागते. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये सुरू केलेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट ५ रुपयांत देण्याची सोय होती. पॅड हाती आले, पण बदलायला जागा आणि टाकायला झाकणाचा डबा नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींच्या पाळीकाळातील स्वच्छतेसाठी देशभर एकसारखे धोरण आखण्यास केंद्राला सांगितले, त्यातही पॅडइतकाच स्वच्छतागृहांचा मुद्दा होता. खोलीबरोबर माणसांचे वागणेही मोजावे लागते. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत न्हाणीघरात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना जमवून कोणाला पाळी आली आहे याची अंगझडतीसारखी तपासणी केल्याचे उघड झाले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. भिंती कितीही उंच बांधल्या तरी अशा शाळेत मुलीला आडोसा मिळत नाही.

मुलींच्या अंगाने इतके बोलले जाते, ते योग्यच आहे. पण मुलग्यांच्या मुतारीकडे कोणी वळून पाहत नाही. बहुतेक शाळांत ती एक लांब भिंत आणि खाली पन्हळ एवढीच असते. मध्ये आडपडदा नाही, वर पत्रा असेलच असे नाही. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाची सर्वांत जास्त चेष्टा होते ती याच भिंतीशी. लाजाळू, स्थूल किंवा एखाद्या शस्त्रक्रियेतून उठलेला मुलगा तिथे जायचे टाळतो आणि वर्ग चालू असताना ‘बाई, जाऊ का?’ म्हणून बोट वर करतो. मुलाला आडोशाची गरज नसते, हा समज मोडायला हवा. दोन जागांमध्ये खांद्यापर्यंतची उभी फरशी बसवली तरी त्याचा बराच त्रास कमी होतो.

जी मुले स्वतःला मुलगा किंवा मुलगी या दोन्ही रांगांत बसवू शकत नाहीत, त्यांचा विचार कायद्याने आता करायला लावला आहे. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींसाठी सार्वजनिक ठिकाणी स्वतंत्र स्वच्छतागृहे देण्याचे निर्देश दिले आणि २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी तयार केलेल्या पुस्तिकेत लिंगनिरपेक्ष स्वच्छतागृहांची शिफारस होती. ती पुस्तिका वादानंतर संकेतस्थळावरून काढली गेली. पुस्तिका गेली तरी तशी मुले शाळेतच आहेत. गावातल्या शाळेत ‘तृतीयपंथी’ अशी पाटी लावलेली वेगळी खोली बांधली तर तिचे दार उघडणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची ओळख त्याच संध्याकाळी गावभर होईल. तीच खोली सर्वांसाठी असेल तर तो मुलगा गर्दीत मिसळून जातो. वेगळ्या तिसऱ्या खोलीपेक्षा सर्वांची एक खोली अधिक माणुसकीची ठरते ती यामुळे.

अशी खोली पुष्कळ शाळांत आधीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे आणि समग्र शिक्षा अभियानामुळे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी उतार, रुंद दार आणि आधाराची दांडी असलेले एक शौचालय शाळांत बांधले जाते. ते एकच असते आणि दिव्यांग मुले-मुली दोघांनी वापरायचे असते, म्हणजे व्यवहारात सामाईकच. दुर्दैवाने अनेक ठिकाणी त्याला कुलूप असते, किल्ली कार्यालयात असते किंवा आत जुनी बाके रचलेली असतात. ते उघडले, त्यात पाणी आणले आणि दिव्यांग मुलाला आधी जागा या नियमावर इतर गरजूंनाही खुले केले, तर नव्या बांधकामाशिवाय सामाईक खोली मिळते.

सगळीच स्वच्छतागृहे सामाईक करण्याला आणखी एक अडचण आहे, ती वेळेची. समजा, शाळेत २०० मुली आहेत, त्यांना पाच शौचकूप आहेत आणि लहान सुट्टी दहा मिनिटांची आहे. एका मुलीला दोन मिनिटे लागली तर सुट्टीत २५ मुलींचा नंबर लागतो. उरलेल्या १७५ मुली एकतर वर्ग बुडवतात किंवा थांबतात. मुलग्यांची मुतारी भराभर मोकळी होते, म्हणून त्यांची रांग दिसत नाही. सगळे सामाईक केले आणि मुतारी काढली तर मुलगेही याच पाच कूपांच्या रांगेत येतील. स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या मार्गदर्शिकेत साधारण ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असा संच आदर्श मानला आहे. मुलींच्या बाजूला कूप वाढवणे हा रांग कमी करण्याचा सरळ मार्ग आहे.

परदेशातल्या नियमांतूनही बांधणीचाच मुद्दा पुढे येतो. इंग्लंडच्या २०१२ च्या शाळा-इमारत नियमांनुसार आठ वर्षांच्या व त्याहून मोठ्या मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहे द्यावी लागतात. आतून बंद होणारी आणि एका वेळी एकानेच वापरायची खोली असेल तर सूट मिळते. स्कॉटलंडमधल्या सरकारी शाळांनी मुले-मुलींसाठी वेगळी सोय द्यायलाच हवी, हे एडिनबराच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेत वेगळ्या स्वच्छतागृहांना संघराज्याच्या नियमांत मुभा आहे, पण पारलिंगी विद्यार्थ्याने कोणते वापरावे यावर २०२० आणि २०२२ मध्ये दोन अपिली न्यायालयांनी परस्परविरुद्ध निकाल दिले. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्याने मधला रस्ता धरला: मुलांची आणि मुलींची एकाहून अधिक स्वच्छतागृहे असलेल्या प्रत्येक सरकारी शाळेत १ जुलै २०२६ पर्यंत सर्वांसाठीचे निदान एक स्वच्छतागृह, बाकीची वेगळीच. पालघरच्या शाळांना जवळचा वाटावा असा हा तोडगा आहे.

बंदिस्त खोली आडोसा देते, तशीच ती गुन्ह्यालाही आडोसा देऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर स्वच्छतागृहात सफाई कामगाराकडून अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि सबंध महाराष्ट्र हादरला. माध्यमिक शाळेलाही त्यातून शिकायचे आहे. मुलींच्या बाजूला सफाईसाठी आणि देखरेखीसाठी स्त्री कर्मचारीच हवी. सामाईक खोली मैदानाच्या टोकाला, झाडीआड बांधू नये. तिचे दार वर्दळीच्या व्हरांड्यावर, शिक्षकांच्या खोलीच्या नजरेच्या टप्प्यात असावे. कॅमेरा व्हरांड्यात चालेल, दाराच्या आत कधीही नाही. कडी आतून लागावी, पण अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशी असावी. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितले आहे; स्वच्छतागृहांची पाहणी हे त्या समितीचे नेमाचे काम व्हावे आणि तिथे मुलींना बोलू द्यावे.

पालघरच्या किनाऱ्याच्या काही अडचणी केवळ तिथल्याच आहेत. खाऱ्या हवेत लोखंडी कडी-कोयंडा लवकर गंजतो आणि मग मैत्रिणीला दाराशी उभे करावे लागते, म्हणून स्टेनलेस स्टीलची कडी आणि फायबरचे दार परवडते. भातखाचरांच्या सखल जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येते, शोषखड्डा तुंबतो आणि घाण उलटी येते. तिथे जोते उंच ठेवून टाकी पक्की बांधावी लागते. मैदानापलीकडचे शौचालय जून ते सप्टेंबर चिखलामुळे बंद असल्यासारखेच असते. खोली मुख्य इमारतीला लागून असेल तर वर्षभर वापरली जाते.

आणि झाडलोट. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली शिपाईवर्गाची पदे रिक्त होत जातील तशी भरण्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण भागासाठी तो एका पदामागे दरमहा ५,००० रुपये आहे. एवढ्या पैशांत घंटा, दप्तर, पाणी आणि चार-पाच स्वच्छतागृहांची रोजची धुलाई एक माणूस करील, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. माणूस मिळाला नाही की झाडू विद्यार्थ्यांच्या हाती जातो, आणि कोणत्या घरच्या मुलांच्या हाती तो आधी जातो हे गावोगावच्या शिक्षकांना ठाऊक असते. स्वच्छतागृहे वेगळी असोत की सामाईक, दिवसातून दोनदा धुण्यासाठी पगारी माणूस, हातमोजे, गमबूट आणि फिनेल यांचा खर्च शाळेच्या अनुदानात स्वतंत्र नोंदीने मिळायला हवा. तारापूरच्या कारखान्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून नवी खोली बांधून देताना पुढच्या पाच वर्षांच्या सफाईचा खर्चही त्याच करारात घालावा आणि शाळा व्यवस्थापन समितीने तो घातल्याशिवाय कोनशिलेला होकार देऊ नये.