यंत्राचे दार



मी गायक नाही, वादकही नाही. आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यामुळे कोणतेही यंत्र दिसले की त्याची बटने आणि दांडे कोणाच्या हाताच्या सोयीने बसवले आहेत, हे आधी पाहण्याची खोड लागली. त्याच नजरेने आज एका वाद्याकडे पाहू.

जपानच्या यामाहा कंपनीने 1983 मध्ये डीएक्स7 हा सिंथेसायझर बाजारात आणला. त्यात एक आवाज घडवायचा तर 145 आकडे ठरवावे लागत. आणि ते दाखवायला काय होते? सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी मावतील एवढी काचेची पट्टी! आकडा बदलायला सरकती दांडी एकच. एक आकडा डोळ्यांसमोर, उरलेले 144 वादकाने डोक्यात ठेवायचे. व्हायचे तेच झाले. ब्रायन ईनोसारखे मोजके लोक चिकाटीने आत शिरले; बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवले. त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तोच एक इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, तो यामुळे. यंत्राचे पोट मोठे, पण दार अरुंद.

ते रुंद केले संगणकाने. 1983 मध्येच मिडी ही वाद्यांची सामाईक भाषा आली, आणि 1985 च्या अटारी एसटी संगणकाला तर मिडीची तार जोडण्याची सोय अंगचीच होती. स्वर कसा चढतो, टिकतो, ओसरतो हे डीएक्स7 आठ आकड्यांत सांगतो. पडद्यावर त्या आठांची एक डोंगररेषा होते. शिखर धरावे आणि माउसने ओढावे. आवाजाचे घटक सहा, म्हणून अशा रेषाही सहा. आज फुकट मिळणाऱ्या डेक्स्ड या प्रोग्रॅममध्ये त्या साऱ्या एकाच चौकटीत दिसतात.

पण घोळ येथेही आहेच. पडद्यावर हौसेने गोल खुंट्या रंगवतात. खुंटी बोटांनी फिरते, माउस सरळ चालतो. मग ती वर ओढायची की गोल फिरवायची, हे प्रत्येक प्रोग्रॅमचे निराळे. शेजारी आकडा लिहून तो टंकू द्यावा, एवढेही काहींना सुचत नाही.

याहून वाईट म्हणजे पडद्यावर एक आणि वाद्यात दुसरेच. वादकाने वाद्याचे बटन दाबून आवाज बदलला आणि संगणकाला ते कळलेच नाही, तर पडदा जुनेच दाखवत राहतो. बॉयलरवरचा दाबाचा काटा अडकला असेल तर कामगाराने काम थांबवावे, असे आम्ही सांगतो. येथे जीव जात नाही, पण रात्रभराची मेहनत पुसली जाते. म्हणून प्रोग्रॅमने आधी वाद्यातला साठा मागवून घ्यावा आणि नवे लिहिण्यापूर्वी जुन्याची प्रत ठेवावी. बत्तीस आवाजांचा तो साठा अवघा 4096 बाइटांचा. मिडीच्या तारेतून यायला त्याला दीड सेकंदही लागत नाही.