नाद पोराचा, हप्ता बाईचा



‘पोराला नाद लागला’ असं म्हणून आपण थांबतो. पण नाद आभाळातून पडत नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी मुंबईत मटका सुरू केला, तो गिरणगावात फोफावला. हातावरचं पोट आणि रुपयाचे नव्वद होण्याची आशा!

इथं कागलच्या एमआयडीसीत काय वेगळं आहे? पोरगा कंत्राटावर, ब्रेक कधी मिळेल नेम नाही. ‘कायम नोकरी नाही, मुलगी कोण देणार?’ हा घरचाच टोमणा. कमावेल तोच पुरुष, हे आपणही शिकवतोच की. मग रात्रपाळीत मोबाईलवर डाव. सुरुवातीला दोनशे मिळतात, पुढं हरलेलं भरून काढायलाच खेळ. मित्र जिंकल्याचं सांगतात, हरल्याचं कोण सांगणार?

फेडायला मात्र आईच्या नावावर गटाचं कर्ज आणि बायकोचं डोरलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यातली शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा भीतीनं लपवू नका. पैजेची रक्कम १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं कोर्टात वसूल होत नाही, हे दारात येणाऱ्या बुकीला ऐकवा. सावकाराचं कर्ज वेगळं, त्याचे कागद तपासून घ्या. पोराची झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. तो मोफत आहे.

आणि गटात कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी पैसे कुणासाठी हवेत, हे बाईला एकटीला गाठून विचारायचं का, ते आज इथंच ठरवू.