हिमगोलांची डागडुजी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बूढापारा, रायपूर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि भोसलेकालीन छत्तीसगड अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. मी साधा बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आकड्यांच्या ओळी तपासण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. माझ्यापाशी सांगण्यासारखे काय असणार? परंतु आपल्या चिटणिसांनी आग्रह धरला की, तुमच्या त्या बर्फाच्या गोळ्यांविषयी बोला. आता मे महिन्याच्या रायपुरात 'बर्फाचा गोळा' म्हटले की डोळ्यांपुढे काडीला लावलेला, लाल-हिरवे सरबत ओतलेला गोळाच येतो. गैरसमज होऊन सभागृह नको इतके भरू नये, म्हणून मी माझ्या वस्तूंना 'हिमगोल' म्हणतो.

हिमगोल म्हणजे काय, हे आपणांपैकी बहुतेकांना पाहून ठाऊक असेल. काचेचा एक गोल, त्यात पाणी, पाण्यात एखादे इवलेसे देऊळ, घर, झाड किंवा मनुष्याकृती आणि तळाशी पांढरा चुरा. गोल उलटा करून पुन्हा सरळ ठेवला की त्या इवल्या जगावर हिमवर्षाव सुरू होतो आणि क्षणाक्षणाने मंदावत शांत होतो. इंग्रजीत यास 'स्नो ग्लोब' म्हणतात. ज्या घरांतील मुले-मुली अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झाली आहेत, त्या घरांच्या काचेच्या कपाटात आज हा गोल हटकून दिसतो. माझा छंद असा की, असे जुने, गढूळलेले, गळके गोल मिळवावेत, ते उघडून दुरुस्त करावेत आणि ज्याचे त्यास परत द्यावेत. कोणास नकोसा झाला असेल, तर तो माझ्या मांडणीवर ठेवावा.

या वस्तूचा जन्म कोठे झाला, हे सांगणे अगत्याचे आहे. पाण्याने भरलेले काचेचे गोल १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात दिसले होते. त्यांत छत्री घेतलेला मनुष्य असे. परंतु या वस्तूला घराघरांत नेले ते व्हिएन्ना शहरातील एर्विन पेर्त्सी या गृहस्थाने. तो शस्त्रवैद्यांची हत्यारे बनविणारा कारागीर होता. इसवी सन १९०० च्या सुमारास तो एका वेगळ्याच खटपटीत गुंतला होता. विजेचे दिवे तेव्हा नवे आणि मंद होते. शस्त्रक्रियेच्या मेजावर पुरेसा उजेड पडत नसे. चांभार लोक मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवून तिचा प्रकाश एका जागी एकवटीत, ही जुनी युक्ती त्यास ठाऊक होती. त्याने तसाच गोल विजेच्या दिव्यापुढे ठेविला आणि प्रकाश अधिक परावर्तित व्हावा म्हणून पाण्यात निरनिराळे पदार्थ घालून पाहिले. त्यांत एक पदार्थ होता रवा! होय, आपण ज्याचा शिरा करतो तोच. उजेड काही वाढला नाही. पण रव्याचे कण पाण्यात संथपणे तरंगत खाली येऊ लागले आणि त्यास हिमवर्षावाची आठवण झाली.

त्याच सुमारास त्याचा एक मित्र मारियात्सेल या ऑस्ट्रियातील यात्रास्थानी भाविकांना विकावयाच्या वस्तूंचा व्यापार करीत असे. पेर्त्सीने मारियात्सेलच्या देवळाची लहान प्रतिकृती गोलात बसविली आणि त्याचा पहिला हिमगोल तयार झाला. पुढे त्याने भावाच्या मदतीने कारखाना काढला. १९०८ साली सम्राट फ्रान्त्स योझेफ याने त्याचा गौरव केला. व्हिएन्नाच्या हर्नाल्स भागात त्याच घराण्याचा कारखाना आजही चालू आहे. आणि त्यांचा 'बर्फ' नेमका कशाचा असतो, हे त्यांनी घराबाहेर जाऊ दिलेले नाही. पुढे अमेरिकेत पाण्याखालीच गोल जोडण्याची युक्ती निघाली, युद्धोत्तर काळात प्लॅस्टिकच्या घुमटांनी ही वस्तू स्वस्त केली आणि १९४१ च्या 'सिटिझन केन' या चित्रपटाने तिला अजरामर केले. मरणोन्मुख नायकाच्या हातून निसटून फुटणारा हिमगोल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो विसरणे शक्य नाही.

मारियात्सेलची कथा मी मुद्दाम सांगितली. यात्रेहून येताना देवस्थानाचा काही अंश घरी आणावा, ही इच्छा आपणांस परकी नाही. पंढरीहून बुक्का आणि तुळशीची माळ येते. काशीहून गंगेचा गडू येतो. तांब्याचा तो चिमुकला गडू, त्याचे तोंड डाग देऊन पक्के बंद केलेले, देवघरात वर्षानुवर्षे तसाच. आतले पाणी कोणी पाहिलेले नसते. पण ते आहे, एवढ्यानेच घराला आधार वाटतो. माझ्या मते गंगेचा गडू आणि हिमगोल ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे आहेत. एकात पाणी पवित्र आणि अदृश्य, दुसऱ्यात ते साधे आणि पारदर्शक, एवढाच भेद.

आता दुरुस्तीकडे वळतो. रायपूरच्या हवेत हिमगोल का बिघडतो? कारण साधे आहे. पाणी २० अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान शेकडा सुमारे ०.८ ने वाढते. काचेचे त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही वाढत नाही. ३०० मिलिलिटरच्या गोलात हे जादा पाणी जवळजवळ अडीच मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरते. त्याला जायला जागा नसते. ते बुडाच्या रबरी बुचावर दाब देते आणि थेंबाथेंबाने झिरपते. थंडी पडली की पाणी आकसते आणि त्याच वाटेने हवा आत शिरते. म्हणून दर हिवाळ्यात गोलाच्या माथ्यावरचा बुडबुडा थोडा मोठा दिसतो. प्लॅस्टिकच्या घुमटात तर गळती नसतानाही पाण्याची वाफ भिंतीतून हळूहळू निघून जाते. शिवाय पाण्यात जंतू आणि शेवाळ वाढते, जुना रंग आणि डिंक विरघळून पाणी पिवळे पडते, प्लॅस्टरची मूर्ती झिजते, लोखंडी तार गंजते.

उपाय असा. गोल उलटा करून मऊ फडक्यावर ठेवावा. बुचाभोवतीचा जुना लेप लाकडी काडीने सोडवावा. लोखंडी हत्यार काचेला लावू नये. पाणी गाळून घ्यावे, म्हणजे बर्फाचा चुरा हाती राहतो. जुन्या गोलांत हा चुरा हाडाचा, चिनी मातीचा किंवा मेणाचाही असतो. तो फेकू नये, तोच पुन्हा वापरावा. नवे पाणी शुद्ध ऊर्ध्वपातित घ्यावे आणि उकळून निववावे, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते व पुढे बुडबुडे धरत नाहीत. औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन थोडे मिसळले की बर्फ सावकाश पडतो. फार मिसळले तर तो चिकटून बसतो. भांडी घासण्याच्या साबणाचा एकच थेंब घातल्यास कण पृष्ठभागावर तरंगत राहत नाहीत. दोन थेंब घातले तर मारियात्सेलवर बर्फाऐवजी फेस येतो. अखेरीस संपूर्ण गोल पाण्याच्या घमेल्यात बुडवून तेथेच बूच बसवावे, वरून कोरडे करून लेप द्यावा आणि दोन दिवस हलवू नये.

बर्फाच्या गतीचे एक गणित मला फार आवडते. अगदी बारीक कणाचा व्यास निम्मा केला की त्याच्या पडण्याचा वेग निम्मा होत नाही, एकचतुर्थांश होतो. म्हणून ज्या कारागिराने चुरा बारीक चाळला, त्याचा हिमवर्षाव दीर्घकाळ टिकतो. संयम वस्तूतही भरता येतो, तो असा.

दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, हिमगोल उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. पाण्याने भरलेला गोल हे भिंगच असते आणि त्यातून एकवटलेल्या किरणांनी पडदा पेटू शकतो. दुसरी, परदेशाहून येताना तो हातातील पिशवीत घेऊ नये. अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरहून अधिक द्रव विमानात सोबत नेऊ देत नाहीत. नातवाने आजीसाठी घेतलेला गोल विमानतळावरच्या टोपलीत जाऊ नये, यासाठी हे सांगितले.

येथवर कारागिरी झाली. आता खरा प्रश्न. दुरुस्ती कोठवर करावी? आमच्याच वस्तीतील एक वृद्ध मावशी माझ्याकडे एक गोल घेऊन आल्या. त्यांचे यजमान अनेक वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी युरोपात गेले असता त्यांनी तो आणला होता. आता यजमान नाहीत. पाणी चहासारखे झालेले, आतले घर दिसेनासे. मी म्हणालो, "मावशी, पाणी बदलावे लागेल." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पण हे पाणी त्यांनी आणलेले आहे हो."

तीस वर्षांच्या नोकरीत अनेक अवघड नस्त्या माझ्या मेजावरून गेल्या. परंतु या एका वाक्यावर शेरा मारणे मला जमेना. नियमाने पाहिले तर गढूळ पाणी म्हणजे दोष. त्यांच्या दृष्टीने तोच ठेवा. पाणी न बदलावे तर घर कधीच दिसणार नाही आणि आतली मूर्ती विरघळून जाईल. बदलावे तर त्यांच्या हातची एक गोष्ट कायमची गेली. अखेर मी त्यांना विचारले, "त्यांनी तुम्हांला काय दाखविण्यासाठी हा आणला होता?" त्या म्हणाल्या, "घरावर बर्फ पडतो ते." मग निर्णय त्यांनीच दिला. मी पाणी बदलले. जुने पाणी एका लहान काचेच्या बाटलीत भरून, तोंड लाखेने बंद करून, गोलासोबत त्यांच्या हाती दिले. गोल आता त्यांच्या बैठकीत आहे. बाटली देवघरात गंगेच्या गडूशेजारी आहे, असे त्यांनीच मला सांगितले.

त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. वस्तू कोणासाठी आणि कशासाठी होती, हे विचारल्याखेरीज बुचाला हात लावावयाचा नाही. प्रत्येक गोलाची नोंद माझ्या वहीत असते: कोठून आला, कोणी आणला, काय बदलले, काय राखले.

संग्रह म्हटला की आपणां मराठी माणसांस पुण्याच्या दिनकर केळकरांचे स्मरण होणारच. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू जमविल्या. बालपणीच दिवंगत झालेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावे त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांवर वस्तूंचा तो ठेवा एका पित्याच्या दुःखाशी बांधलेला आहे. माझी मांडणी त्याच्यापुढे काजव्यासारखी. पण त्यांच्यापासून एवढे शिकलो की, वस्तू मोलाची होते ती तिच्याशी जोडलेल्या माणसामुळे.

आणि आता, पन्नाशी गाठलेल्या आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. पेर्त्सीने व्हिएन्नात रवा पाण्यात टाकला त्याच सुमारास, जानेवारी १९०० मध्ये, आपल्या याच भागात पेंड्रा येथून माधवराव सप्रे यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. सप्रे मराठी घरातले. त्यांनी 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेविला. आपली भाषा काचेत बंद करून कपाटात ठेवावी, असे त्यांना वाटले नाही. समर्थांचा बोध शेजाऱ्याच्या भाषेत ओतला म्हणून तो उणा झाला नाही.

मुलुखापासून दूर राहणाऱ्या समाजाला हिमगोलाचा मोह पडतो. आजोबा येथे आले त्या वेळचे घर, त्या वेळची भाषा, त्या वेळचे सण जसेच्या तसे सीलबंद करावेत आणि गणेशोत्सवात एकदा हलवून हिमवर्षाव पाहावा! दृश्य सुंदर दिसते, यात शंका नाही. पण बंद पाणी नासते, हे माझ्या वहीतील प्रत्येक पान सांगते. आपली नातवंडे घरी मराठी, शाळेत हिंदी आणि अंगणात छत्तीसगढी बोलतात. त्यांच्या मराठीत वेगळे शब्द आले म्हणून नाक मुरडण्यापेक्षा, अधूनमधून बूच उघडावे, पाणी ताजे करावे आणि आतले घर तेवढे सांभाळावे. जुने पाणी ज्यास प्रिय आहे, त्याच्यासाठी एक बाटली अवश्य भरून ठेवावी. तो त्याचा हक्क आहे.

असो. चिटणिसांचे घड्याळ माझ्याकडे पाहू लागले आहे. आपणांपैकी कोणाच्या घरी गढूळलेला, गळका, पोटमाळ्यावर पडलेला हिमगोल असेल तर त्याने तो निःसंकोचपणे माझ्याकडे आणावा. मोबदला घेत नाही. मात्र तो कोणी, कोणासाठी आणला होता, एवढे सांगावे लागेल.