थंडी आमची, नाव सिमल्याचं

श्रोतेहो, आमच्या खडकीत बर्फ कधी पडला नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, पुढे दिल्लीला गेलं. शिवाजीनगरच्या चौकाला 'सिमला ऑफिस' हे नाव तेवढं राहिलं. लहानपणी मला वाटे, थंडी तिथूनच सोडतात! दारूगोळा कारखान्याच्या भोंग्याआधी अब्बा फजरच्या वजूला बसत. पिंपातलं पाणी हाताला डसायचं. अम्मी बंबात ढलप्या सारायची. १७ जानेवारी १९३५ला पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. त्या थंडीचं नाव काढलं की दादी गोधडी ओढून घ्यायची. आता महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव पाहायला लोक पहाटेच गाड्या काढतात. आम्ही कवी त्याचे मोती करतो. स्ट्रॉबेरीवाला शेतकरी त्याच पहाटे रोपं झाकत असतो.