ओट्यावरचा गडी

श्रोतेहो, मळणीयंत्रात हात सापडलेला एखादा गडी आपल्याही गावात असेल. जखम भरते, लोक हळहळतात, आणि तो ओट्यावर बसून राहतो. ‘आता याच्यानं काय व्हायचं?’ हा आपला प्रश्नच त्याला अधिक पांगळा करतो.

१९२३ च्या कायद्याने जखमी कामगाराला भरपाई मिळू लागली. पण पैसा सरतो, काम पुरते. १९५५ साली मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. तेथे उपचार, कृत्रिम अवयव आणि व्यवसायाचे मार्गदर्शन यांची सांगड घातली जाते.

२०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकराला अपंगत्व आले म्हणून काढता येत नाही. जुने काम झेपेना, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. शाळेतल्या मास्तरांना हे कवच आहे. शेतावरच्या गड्याला ते नाही.

मग त्याचे कवच आपणच. शिक्षकबंधूंनो, त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवा. दुकानदारांनो, हिशेबाला बसवा. आधी अर्धा दिवस, हलके काम. अंगवळणी पडले की वाढवा. सुगीआधी एकदा त्याच्या ओट्यावर जा आणि विचारा, ‘दादा, काय काय जमेल?’